लोकसभेचा एक दिवस: कार्यसूची हातात धरून कसा बघायचा

अकरा वर्षं मी एका खासदारांच्या दिल्लीतल्या कार्यालयात स्वीय सहायक होते. प्रश्नांचे मसुदे करायचे, ते मुदतीत दाखल करायचे, उत्तरं आली की वाचून मतदारसंघातल्या माणसांना कळवायची, हे माझं रोजचं काम. आता निवृत्त आहे, पण अधिवेशन सुरू झालं की पावणेअकराला हातातली कामं आवरून मी संसद टीव्हीसमोर बसते. मागच्या अधिवेशनात भाची सुट्टीला आली होती. दहा मिनिटं शेजारी बसली आणि म्हणाली, "मावशी, यातून तुला कळतं तरी काय? नुसता आरडाओरडा चाललाय." मी तिच्या हातात त्या दिवशीची कार्यसूची दिली आणि म्हटलं, आता बघ. दुपारपर्यंत तिचे प्रश्न सुरू झाले: पटलावर ठेवलं म्हणजे नक्की कुठे ठेवलं? हे सगळे उठून उभे का राहिले? तिला जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे.

तयारी आदल्या संध्याकाळी

कागद हातात नसेल तर लोकसभेचं कामकाज समजत नाही. संसद डॉट इन या संकेतस्थळावर लोकसभेच्या विभागात आदल्या दिवशीच कार्यसूची येते. त्या दिवशी कोणती कामं, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या नावावर, हे सगळं तिच्यात असतं. प्रत्येक बाबीला क्रमांक असतो आणि अध्यक्ष पुकारताना तोच पुकारतात. "आयटम नंबर सात ते बारा" असं ऐकू आलं की कागदावर बोट ठेवता आलं पाहिजे. सकाळी पुन्हा एकदा संकेतस्थळ उघडून बघा, कारण सुधारित कार्यसूची किंवा पूरक कार्यसूची निघालेली असू शकते. मला कार्यसूची छापून घेणं बरं वाटतं. समासात वेळ लिहिता येते आणि न झालेल्या बाबीसमोर फुली मारता येते. अधिवेशन संपल्यावर त्या फुल्या बघितल्या, की काय काय मागे राहिलं ते डोळ्यांसमोर येतं.

दुसरा कागद प्रश्नांच्या यादीचा. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं, त्यावर पुढे बोलता येत नाही. प्रश्नांचे क्रमांक अधिवेशनभर सलग चालतात. पहिल्या दिवशी १ ते २०, दुसऱ्या दिवशी २१ ते ४०. म्हणून कुणी "तारांकित प्रश्न १२१" म्हणालं, तर तो सातव्या दिवसाचा पहिला प्रश्न, हे मनातल्या मनात कळतं. कोणत्या वारी कोणती मंत्रालयं उत्तरं देणार तेही ठरलेलं असतं. सगळ्या मंत्रालयांचे पाच गट करून सोमवार ते शुक्रवार वाटून दिलेले असतात. रेल्वेचे प्रश्न लोकसभेत सहसा बुधवारी येतात.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. अडीचशे प्रश्न वाचू नका, एकच निवडा. तुमच्या जिल्ह्याचा असेल, तुमच्या धंद्याचा असेल, मुलीच्या शिष्यवृत्तीचा असेल. दिवसभर त्या एकाच प्रश्नामागे राहा. पहिल्याच दिवशी सगळं समजून घ्यायला गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी टीव्ही बंद करतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

अकरा ते बारा

अकराला अध्यक्ष आसनावर येतात. सदस्य उभे राहून नमस्कार करतात आणि काम सुरू होतं. एखादा माजी सदस्य दिवंगत झाला असेल तर आधी शोकप्रस्ताव होतो आणि सभागृह मौन पाळतं. त्यानंतर प्रश्नोत्तराचा तास.

अध्यक्ष क्रमांक आणि सदस्याचं नाव पुकारतात. मंत्री उठतात आणि बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात, "विवरण सभा पटल पर रख दिया गया है." नवख्या माणसाला वाटतं, मंत्र्यांनी उत्तर टाळलं. तसं नसतं. लेखी उत्तर सदस्याच्या हातात आधीच गेलेलं असतं, त्यामुळे ते वाचून दाखवण्यात वेळ घालवत नाहीत. खरी गोष्ट पुढे आहे. ज्याच्या नावावर प्रश्न आहे त्याला दोन पुरवणी प्रश्न मिळतात, मग अध्यक्ष इतर सदस्यांना एकेक देतात. मूळ प्रश्न पंधरा दिवस आधी मंत्रालयाकडे गेलेला असतो आणि त्याचं उत्तर चार टेबलांवरून फिरून तयार झालेलं असतं. पुरवणी प्रश्न मात्र मंत्र्यांनी आधी पाहिलेला नसतो. मागे अधिकाऱ्यांच्या दीर्घेत (गॅलरीत) त्या खात्याचे अधिकारी फायली घेऊन बसलेले असतात, तिथून चिठ्ठी येते. पण चिठ्ठी येईपर्यंत मंत्र्यांना उभं राहून बोलावंच लागतं. त्या अर्ध्या मिनिटात मंत्र्यांना आपलं खातं किती माहीत आहे ते साऱ्या देशाला दिसतं.

म्हणून गदारोळात प्रश्नोत्तराचा तास वाया गेला की मला मनापासून वाईट वाटतं. लेखी उत्तरं तरीही मिळतात, ती पटलावर ठेवली गेली असं मानलं जातं. पण पुरवणी प्रश्न बुडाले ते बुडाले. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे शेअर्स घेतले, तो विषय लोकसभेत प्रश्नातूनच वर आला. पुढे फिरोज गांधींनी तो लावून धरला, न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग बसला आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. त्याची सुरुवात एका प्रश्नाने आणि अपुऱ्या वाटलेल्या उत्तराने झाली.

तासाभरात वीसही प्रश्न होतील अशी अपेक्षा ठेवू नका. पाच-सहा नीट झाले तर तास चांगला गेला म्हणायचं. तुम्ही निवडलेला प्रश्न यादीत अठरावा असेल तर तो तोंडी येणं कठीण, त्याचं लेखी उत्तर वाचायची तयारी ठेवा. वहीत मी तीनच गोष्टी टिपते: पुरवणी कोणी विचारला, मंत्र्यांनी आकडा दिला की नुसतं आश्वासन दिलं, आणि "मी सदस्यांना लेखी कळवीन" असं म्हणाले का. यातली तिसरी नोंद पुढे फार उपयोगी पडते.

बारा वाजता झरझर जाणारा अर्धा तास

बारा वाजले की पुष्कळ जण चहाला उठतात. तुम्ही बसून राहा. आता पटलावर कागद ठेवले जातात. एकेक मंत्री उठतो, "माझ्या नावावरील कागद पटलावर ठेवतो" म्हणतो आणि बसतो. दहा-पंधरा मिनिटांत पन्नास कागद निघून जातात. सभागृहाच्या मधोमध महासचिवांच्या समोर जे मोठं टेबल आहे ते पटल, हे भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. प्रत्यक्षात गठ्ठे आणून कुणी तिथे ठेवत नाही. कागद अधिकृतपणे सभागृहासमोर आला आणि तिथून पुढे कोणालाही बघता येईल असा झाला, हा त्याचा अर्थ.

या कागदांत काय नसतं? सरकारी कंपन्यांचे वार्षिक अहवाल, विद्यापीठांचे लेखे, कायद्याखाली काढलेले नियम आणि अधिसूचना, कॅगचे अहवाल. संसदेने केलेला कायदा पुष्कळदा नुसता सांगाडा असतो आणि त्याचं मांस या नियमांत असतं. फी किती, फॉर्म कोणता, मुदत किती दिवसांची, दंड कोण ठरवणार, हे नियमांत येतं, आणि ते नियम असे बारा वाजता एका ओळीत पटलावर जातात. एखादा वार्षिक अहवाल उशिरा आला असेल तर उशिराची कारणं सांगणारं निवेदनही सोबत ठेवावं लागतं. कार्यसूचीत तशी ओळ दिसली की मी तिच्याखाली रेघ मारते.

मग समित्यांचे अहवाल, मंत्र्यांची निवेदनं आणि नवी विधेयकं मांडणं. विधेयक मांडतानाच कुणी विरोध करत असेल तर लक्ष द्या. तिथे भाषण छोटं असतं, पण हरकत नेमकी कशाला आहे, संसदेच्या अधिकाराला की विधेयकाच्या आशयाला, ते तिथेच कळतं.

त्यानंतर शून्य प्रहर. मजा अशी की नियमपुस्तिकेत हा शब्दच नाही. प्रथेने आलेली ही वेळ आहे. सदस्य तातडीचा विषय दोन-तीन मिनिटांत मांडतात. कुठे पुलाचा कठडा तुटलाय, कुठे कांद्याचे भाव पडलेत, कुठे गाडीचा थांबा बंद झालाय. मंत्र्यांवर तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधन नसतं. एकाने विषय मांडला की बाकीचे "मी स्वतःला संबद्ध करतो" म्हणून नाव नोंदवतात. कोणकोणत्या राज्यांच्या सदस्यांनी एकाच विषयाला नावं दिली ते बघा, म्हणजे तो त्रास किती दूरवर पसरलाय ते उमजतं. सदस्याला मराठीतही बोलता येतं, सभागृहात मराठीच्या भाषांतराची सोय आहे. महाराष्ट्राच्या ४८ सदस्यांपैकी कुणी मराठीत उभं राहिलं की माझा हात आपोआप टीव्हीचा आवाज वाढवतो.

जेवणाच्या सुट्टीत उत्तर वाचायचं

एक ते दोन सुट्टी. सभागृहाने ठरवलं तर ती रद्दही होते. तोपर्यंत त्या दिवसाची उत्तरं संकेतस्थळावर यायला लागलेली असतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर उघडा. ते वाचायची एक पद्धत आहे.

समजा प्रश्न असा आहे: रेल्वेमंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय, (क) भुसावळ विभागातल्या किती भुयारी मार्गांत गेल्या तीन वर्षांत पावसाळ्यात पाणी साचल्याच्या तक्रारी आल्या, (ख) पाणी काढण्याच्या कामांसाठी किती रक्कम मंजूर झाली आणि किती खर्च झाली, कामनिहाय तपशील, (ग) पंप बसवलेल्या मार्गांची संख्या, आणि (घ) उरलेली कामं कधीपर्यंत पूर्ण होतील? प्रश्न दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो.

उत्तरात आधी पाहा, भाग वेगळे ठेवलेत की "(क) ते (घ)" असं सगळं एकात गुंडाळलंय. एकत्र उत्तर आलं की मी पेन्सिल घेते आणि एकेका भागाचं उत्तर कोणत्या वाक्यात आहे ते शोधते. बहुतेकदा एक भाग निसटलेला सापडतो, आणि तो बहुधा "कधीपर्यंत" हाच असतो. "ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे" हे वाक्य आलं तर तारीख दिलेली नाही असं समजा. "आवश्यकतेनुसार" आणि "वेळोवेळी" या शब्दांखालीही रेघ मारा. पैशाच्या बाबतीत तरतूद, वितरित निधी आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगळे आकडे असतात. उत्तरात एकच दिला असेल तर तो कोणता, ते परिशिष्टाच्या रकान्यावरचं शीर्षक वाचून ठरवा. परिशिष्ट सोडून कधीही उठू नका. मुख्य उत्तर अर्ध्या पानाचं आणि सगळा जीव पाठीमागच्या तक्त्यात, असं कितीतरी वेळा असतं.

आणखी एक. माहिती ज्या कप्प्यात साठवली जाते त्याच कप्प्यात मागितली तर मिळते. रेल्वेचे प्रकल्प झोननिहाय मंजूर होतात, कारण रूळ जिल्ह्याच्या आणि राज्याच्या हद्दी ओलांडून जातात. तिथे "आमच्या जिल्ह्यातले प्रकल्प सांगा" असं विचारलं तर उत्तर झोनचंच येतं.

एक चूक सांगते, कारण तिच्यातून मी सगळ्यात जास्त शिकले. एका शिष्यवृत्तीची थकबाकी किती, असा प्रश्न मी तयार केला होता. मंत्रालयाचं उत्तर आलं, "माहिती संकलित केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल." मी ती फाइल "उत्तर आले" असा शेरा मारून कपाटात ठेवली. पाच महिन्यांनी एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. "ताई, तुम्ही म्हणाला होतात माहिती येणार, तिचं काय झालं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. चौकशी केल्यावर कळलं की असं वाक्य म्हणजे सभागृहाला दिलेलं आश्वासन असतं. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती अशा वाक्यांची नोंद ठेवते आणि मंत्रालयाने ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, नाहीतर मुदत वाढवून मागायची असते. पूर्तता झाली की तिचं विवरण पुन्हा बारा वाजताच्या त्या कागदांत पटलावर येतं. आमच्या प्रश्नाचं विवरण येऊन गेलेलं होतं आणि मी त्या वेळी बघत नव्हते. त्या दिवसापासून "संकलित केली जात आहे", "विचाराधीन आहे", "तपासून पाहिलं जाईल" असं दिसलं की मी वहीत तारीख घालते आणि तीन महिन्यांनंतरचं पान दुमडून ठेवते. तुम्हीही तसंच करा.

दुपारची लांब बैठक

दोन वाजता नियम ३७७ खालचे विषय येतात, म्हणजे लोकसभेच्या कामकाजाच्या त्या नियमाखाली सदस्यांनी मांडायचे आपापले विषय. सदस्य लिहून आणलेला मजकूर वाचतात किंवा नुसता पटलावर ठेवतात. त्यानंतर विधेयक.

विधेयकाची चर्चा सुरू व्हायच्या आधी विधेयक उघडून शेवटची पानं वाचा. लोक पहिल्या कलमापासून सुरू करतात आणि तिसऱ्याला दमतात. शेवटी "उद्देश व कारणे यांचे निवेदन" असतं, त्यात सरकारला काय हवंय ते साध्या भाषेत सांगितलेलं असतं. मग वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्च किती येणार. मग प्रत्यायुक्त विधिविधानाचं ज्ञापन. नाव अवघड, पण काम मोठं: कायद्यातल्या कोणकोणत्या गोष्टी सरकार पुढे नियम करून ठरवणार, त्याची ती यादी. ती यादी लांबलचक असेल तर चर्चेत काय ऐकायचं ते तुम्हाला आधीच कळलेलं असतं.

मंत्री विधेयक विचारात घेण्याचा प्रस्ताव मांडतात. मग विरोधी बाकांवरून पहिलं मोठं भाषण होतं. पक्षांना वेळ त्यांच्या संख्याबळाप्रमाणे मिळतो, आणि एकूण वेळ कामकाज सल्लागार समितीने ठरवलेला असतो. माझा अनुभव असा की सुरुवातीचं विरोधी भाषण, शेवटचं मंत्र्यांचं उत्तर आणि मध्ये तीन-चार मिनिटं मिळालेले छोट्या पक्षांचे सदस्य, एवढं तरी लक्षपूर्वक ऐकावं. तीन मिनिटं मिळालेल्या माणसाला फुलोरा परवडत नाही. तो थेट आपल्या भागातलं उदाहरण देतो आणि घंटा वाजायच्या आत दुरुस्ती सुचवून बसतो. दुपारी आसनावर स्वतः अध्यक्ष नसले तर गोंधळू नका. तालिकेतले, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या यादीतले सदस्य आळीपाळीने तिथे बसतात आणि त्या वेळी त्यांना अध्यक्षांचेच अधिकार असतात.

मंत्र्यांचं उत्तर झालं की कलमवार विचार. इथे कागद नसेल तर माणूस हरवतोच. "प्रश्न यह है कि खंड २ से १४ विधेयक का अंग बनें. जो पक्ष में हैं वे हाँ कहें." मग "जो विरोध में हैं वे ना कहें." मग "हाँ की जीत हुई." वीस सेकंदांत तेरा कलमं मंजूर! दुरुस्त्या कुठे येतात त्यावर डोळा ठेवा. ज्या कलमावर दुरुस्ती आहे ते वेगळं काढून मतदानाला घेतात. सदस्य ती मांडतो किंवा "मांडत नाही" म्हणतो. कलम १, अधिनियमन सूत्र (कायदा केला जात आहे असं सांगणारं सुरुवातीचं ठरीव वाक्य) आणि विधेयकाचं नाव हे सगळ्यात शेवटी घेतात, म्हणून "कलम १" ऐकू आलं की आता संपतच आलं असं ओळखा. त्यानंतर विधेयक मंजूर करावं हा प्रस्ताव.

आवाजी मतदानावर कुणी हरकत घेतली तर मतविभाजन होतं, म्हणजे मतं मोजली जातात. घंटा वाजायला लागतात आणि साडेतीन मिनिटांनी लॉबीची दारं बंद होतात. माझ्या आठवणीतलं एक दृश्य: सदस्य कँटीनमधून, ग्रंथालयातून, समिती कक्षातून धावत येताहेत, पक्षाचे प्रतोद दाराशी उभे राहून नावं मोजताहेत, आणि एक वयस्क सदस्य काठी टेकत अगदी शेवटच्या क्षणी आत शिरले. दार बंद झालं आणि मागून आलेले दोघे काचेपलीकडे उभे राहिले. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने पडला, हे ज्याला आठवतं त्याला ती धावपळ समजते. बटणं तीन रंगांची असतात: बाजूने हिरवं, विरोधात लाल, तटस्थ पिवळं. घटनादुरुस्ती असेल तर आवाजी मतदान चालत नाही. एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोनतृतीयांश, अशी दोन्ही गणितं बसावी लागतात. २० सप्टेंबर २०२३ रोजी नव्या इमारतीत महिला आरक्षणाचं विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं, तेव्हा मतं चिठ्ठ्यांवर घेतली होती. चिठ्ठ्या मोजेपर्यंत मी स्वयंपाकघरात गॅस बंद करून दारात उभी होते.

शुक्रवारी शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामाचे. मंत्री नसलेला कोणीही सदस्य इथे विधेयक आणू शकतो. १९७० नंतर असं एकही विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झालेलं नाही, म्हणून बाकं रिकामी दिसतात. तरी मी हे तास चुकवत नाही. २०१५ मध्ये राज्यसभेने तृतीयपंथीयांच्या हक्कांचं असंच एक खासगी विधेयक मंजूर केलं. ते लोकसभेत कायद्यापर्यंत पोचलं नाही, पण त्यानंतर सरकारने स्वतःचं विधेयक आणलं आणि २०१९ मध्ये त्या विषयावर कायदा झाला. बाकं फारच रिकामी झाली तर गणसंख्येचा प्रश्न येतो. लोकसभेत किमान ५५ जण हवेत. कुणी लक्ष वेधलं की घंटा वाजते, आणि तरीही संख्या भरली नाही तर काम थांबतं.

तहकूब झालं तर

सदस्य हौद्यात, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत उतरले, फलक निघाले, अध्यक्षांनी बारापर्यंत, मग दोनपर्यंत आणि मग दिवसभरासाठी सभागृह तहकूब केलं, असे दिवस येतातच. त्या दिवशी "आज काहीच झालं नाही" असं म्हणून उठू नका. २५० लेखी उत्तरं आलेली असतात. तहकुबीच्या आधीच्या पाच मिनिटांत कागद पटलावर गेले का, एखादं विधेयक गदारोळातच मंजूर झालं का, ते कार्यसूचीवर खूण करून ठेवा. गोंधळात चर्चेविना गेलेलं कलम माझ्या लेखी त्या दिवसाची सगळ्यात मोठी बातमी असते.

सहा वाजता कामकाज संपतं, पण सभागृहाच्या संमतीने वेळ वाढतो आणि कधीकधी मध्यरात्रही उलटते. संध्याकाळी कामकाजाचा शब्दशः वृत्तांत यायला लागतो, आधी असंशोधित स्वरूपात. अध्यक्षांनी वगळलेल्या शब्दांच्या जागी चांदण्या दिसतात, आणि गोंधळ झाला तिथे कंसात "व्यवधान" असं छापलेलं असतं. दुपारी ऐकलेल्या भाषणातलं एखादं वाक्य नक्की काय होतं, असा घरात वाद झाला, तर तो वृत्तांत उघडून मिटवा. मोबाइलवर फिरणारे तुकडे वृत्तांताशी ताडून बघायची सवय लावून घ्या.

राज्यसभा बघायची असेल तर तिथे क्रम उलटा आहे: अकराला कागद आणि शून्य प्रहर, बाराला प्रश्नोत्तरं. आसनावर अध्यक्ष नसून सभापती असतात, म्हणजे उपराष्ट्रपती.

तुमचा प्रश्न यादीत जावा असं वाटत असेल तर

खासदारांच्या कार्यालयात अशी पत्रं रोज येतात. मी ती उघडायचे, त्यामुळे कोणतं पत्र पुढे जातं ते मला माहीत आहे. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या त्याच आठवड्यात पत्र पाठवा. एका पत्रात एकच विषय ठेवा. विषय केंद्राचा आहे ना, ते आधी बघा. गावातला पोलीस बंदोबस्त किंवा जिल्हा परिषदेचा रस्ता हे राज्याचे विषय, त्यांचा प्रश्न लोकसभेत दाखल करून घेत नाहीत. न्यायालयात चाललेलं प्रकरणही चालत नाही. योजनेचं पूर्ण नाव, वर्ष, ठिकाण आणि तुमच्याकडच्या एखाद्या कागदाची प्रत जोडा. "अन्याय झाला आहे" असं चार पानं लिहिण्यापेक्षा "२०२२-२३ चा दुसरा हप्ता अजून आलेला नाही, मंजुरीचं पत्र सोबत जोडलं आहे" ही एक ओळ पाठवा. प्रश्नात मत, आरोप किंवा युक्तिवाद चालत नाही, नुसती माहिती विचारता येते. त्यामुळे तुमच्या पत्रातलं नेमकं वाक्य जवळजवळ तसंच मसुद्यात उतरतं. मग सोडत निघते आणि कुणाचा प्रश्न तारांकित यादीत वर लागेल ते तिथे ठरतं. नाही लागला तर अतारांकितात येऊ शकतो, आणि तक्त्यासकट उत्तर तिथेही मिळतं.

प्रत्यक्ष दिल्लीला जाऊन बघायचं असेल तर प्रेक्षक दीर्घेचा पास खासदारांच्या शिफारशीने मिळतो. मोबाइल, पिशवी, कागद सगळं बाहेर ठेवावं लागतं, म्हणून कार्यसूची आदल्या रात्री नीट वाचून जा. पास थोड्याच वेळेचा असतो. मला विचाराल तर अकराचा मागा. आणि आत गेल्यावर अध्यक्षांच्या उजवीकडे अधिकाऱ्यांच्या दीर्घेकडे नजर ठेवा. टीव्हीवर न दिसणारी चिठ्ठी तिथून निघालेली तुम्हाला दिसेल.